ज्याचा विषय, तो बाहेर

सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. बेकरीवाला म्हणायचा, शाळेतली पोरं म्हणायची, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या नर्सबाईसुद्धा म्हणायच्या. नवरा सगळ्यांचा दादा होता, पाणीवाला दादा, म्हणून ती वहिनी. दादा गेला, वहिनी राहिली. गाडी निघून गेली तरी तिकीट खिशात राहतं, तसं.

उजाडलं की ती खांद्यावर चावी टाकून निघायची. चावी म्हणजे छातीपर्यंत येईल एवढी लोखंडी सळई, वर धरायला आडवी दांडी, खाली व्हॉल्वच्या डोक्यावर बसणारं चौकोनी भोक. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि सगळं अंग टाकून फिरवायची. गाव टेकडीच्या उतारावर. पायथ्याशी विहीर, पंपघर, बाजार आणि खालची आळी, घराला घर चिकटलेलं. वरती टेकडीला पाठ लावून बसलेली वरची आळी, बोटांवर मोजावीत एवढी घरं. सकाळी आधी खालच्या आळीला पाणी सुटायचं. मग वहिनी खालचा व्हॉल्व बंद करायची, तेव्हा कुठे पंपाचा सगळा जोर वरच्या पाइपात जायचा आणि पाणी कुरकुरत टेकडी चढायचं. पाण्याचंही माणसासारखंच, सोपी वाट उघडी असेल तर अवघड वाटेला कोण जातंय?

ती रस्त्याने चालली की खिडक्या बोलायच्या.

"वहिनी, आज पाणी येणार की नुसता आवाज?"

"येणार."

"वहिनी, आमच्या नळाने तुमचं काय घोडं मारलंय? थेंबथेंब गळतो मेला."

"वॉशर बदला."

"हिच्याशी बोलण्यापेक्षा नळाशी बोललेलं बरं," दूधवाली म्हणायची. "तो निदान खाकरतो तरी."

वहिनीला राग यायचा नाही. हसूही यायचं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपलाच असून परक्याचा वाटतो ना, तसं तिचं दादा गेल्यापासून सगळंच झालं होतं. बोट लावलं तर लागलंय एवढं कळायचं, त्यापुढे काही नाही. पहिल्या वर्षी तिला वाटलं, उतरेल. दुसऱ्या वर्षी तिने वाट बघणं सोडलं.

नोकरी तिला सभेने दिली होती. त्या गावात पुढारी नव्हते, साहेब नव्हते, निवडून आलेलं कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा जुन्या गोदामात बाकं मांडायची, सगळ्या मोठ्या माणसांनी यायचं, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर घंटा वाजवायचे, विषय वाचायचे आणि लोकांनी हात वर करायचे. ज्या बाजूला हात जास्त, तसं ठरलं. रस्ता कुठून काढायचा, शाळा कधी भरवायची, कुत्र्यांचं काय करायचं, सगळं हातावर. बेकरीच्या भिंतीला एक काळा फळा होता. ज्याला विषय मांडायचा त्याने खडूने तिथे लिहायचं. परवानगी नाही, वशिला नाही.

आणि एक रीत होती. ज्याचा विषय, तो बाहेर. म्हणजे तुमच्याबद्दल काही ठरायचं असेल तर तुम्ही आपणहून उठायचं आणि बाजूच्या खोलीत जाऊन बसायचं. तिथे मोडकी बाकं आणि रंगाचे रिकामे डबे होते. रीत कुणी काढली ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं, पण का काढली हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे: "आपल्याविरुद्ध वर झालेला हात माणूस जन्मभर विसरत नाही. उद्या त्याच्याच दुकानात जायचंय, त्याच्याच पोराच्या लग्नात जेवायचंय. न बघितलेलं बरं." लोकांना या रीतीचा अभिमान होता. कुणी सांगायची वाट बघणं हे हलकेपणाचं मानायचे. एखाद्याच्या पोराला शाळेतून काढायचं की नाही असा विषय निघाला की बाप उठायचा, आई उठायची, आजी उठायची, आणि कधीकधी मामासुद्धा, जरी त्याला कुणी विचारलेलं नसायचं.

दादा गेल्यावर आठवड्याभरात वहिनीचा विषय निघाला. ती बाजूच्या खोलीत बसून होती, एका डब्यावरचा वाळलेला हिरवा ओघळ बघत. तेवढ्यात दार उघडून बेकरीवाला आला. कोपरापर्यंत पीठ.

"चला वहिनी."

"झालं?"

"व्हायचंय. पण हे तुम्ही बघायलाच पाहिजे. मास्तर रागावतील, रागावू देत."

त्याने तिला दारात उभं केलं. गोदामभर हात वर होते. लहान, मोठे, तेलकट, सुरकुतलेले. एक म्हातारी तर दोन्ही हात वर करून बसली होती आणि मास्तर ओरडत होते, "आजी, एकच! एकच!" अर्ज नाही, मुलाखत नाही, शिक्का नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या खांद्यावर चावी होती आणि घरात चूल पेटत होती.

मात्र तेव्हापासून तिलाही एक बंधन आलं. पाणी सोडणाऱ्याने पाण्याच्या विषयावर हात वर करायचा नाही. सभेत मास्तरांच्या शेजारी स्टुलावर बसायचं आणि विचारलं तेवढं सांगायचं.

वहिनी वरच्या आळीत राहायची, सासूबाईंबरोबर. दोन खोल्या, दारापुढे पायऱ्या, पायऱ्यांशी नळ. घर सासऱ्यांनी बांधलेलं, पण पाइप दादाने टाकलेला. आळीपर्यंत पाइप न्यायचा हे सभेने ठरवलं त्या दिवशी रात्री सासूबाई झोपल्याच नव्हत्या. त्याआधीची सगळी वर्षं त्यांनी डोक्यावरून पाणी आणलं होतं. मान अजूनही डावीकडे वळायची नाही. डावीकडच्या माणसाशी बोलायचं तर त्या अख्ख्या वळायच्या, तोफ वळावी तशा.

सुट्टीला वहिनीची धाकटी बहीण आली होती. ती दूरच्या मोठ्या गावात राहायची. तिथेही लोकच सगळं ठरवायचे, पण चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्या घरी यायच्या, खूण करून पेटीत टाकायच्या.

"आमच्याकडे हे असलं हात वर करणं नाही बाई," धाकटी भाजी निवडता निवडता म्हणाली. "कुणी कुणाचं तोंड बघत नाही. पूल बांधायचा का? हो. बाग हवी का? हो. कर वाढवायचा का? नाही. झालं."

"मग पूल कशाने बांधतात? बागेतल्या फुलांनी?" सासूबाईंनी विचारलं.

"बांधत नाहीत ना, तेच तर! तीन वेळा पूल मंजूर झालाय, तीन वेळा पैसे नामंजूर झालेत. आता तर चिठ्ठ्या इतक्या येतात की आमचे हे जेवताना सगळ्यांच्या एकदमच खुणा करून टाकतात. माझी, सासऱ्यांची, सगळ्यांची. एका हातात घास, एका हातात पेन."

"म्हणजे तुमच्या गावात तुझा नवरा राज्य करतो."

"घरोघरी एकेक नवरा राज्य करतो, मावशी." धाकटी हसली. "तुमच्या माहेरी काय होतं?"

"आमच्या माहेरी एकमत." सासूबाई अख्ख्या वळल्या. "सगळे हो म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. ऐकायला गोड. गावाला दुसरी विहीर हवी होती. एक म्हातारा होता, तो नाही म्हणायचा. का नाही? तर त्याच्या बापाने पहिली विहीर खणली होती, तिचा अपमान होईल. त्याला समजावता समजावता माझं लग्न झालं, मला पोर झालं, तो मेला. मग त्याचा मुलगा नाही म्हणायला लागला."

धाकटी हसून हसून लवंडली. वहिनीने पातेलं उतरवलं.

"ताई, तू काहीच बोलत नाहीस. तुला कुठलं बरं वाटतं?"

"पाणी येतंय ना," वहिनी म्हणाली. "मग बरंय."

त्याच आठवड्यात फळ्यावर नवा विषय आला. अक्षर बेकरीवाल्याचं होतं, गोल आणि फुगीर. *वरच्या आळीची वेगळी पाळी बंद करून सगळ्यांना एकाच वेळी पाणी सोडावे.*

उन्हाळा कडक होता आणि विहीर थकली होती. खालच्या आळीत तीन-तीन घरांना मिळून एक नळ. त्यांचं अर्धं भरून होतं न होतं तोच वहिनी व्हॉल्व बंद करून वरच्या आळीची पाळी सुरू करायची, कारण पंप त्याहून जास्त वेळ चालवला तर विहीर गाळ द्यायची. नर्सबाईंच्या दवाखान्यातही पिंपं रिकामी राहायला लागली होती. बेकरीवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनीला ते रोज दिसत होतं. पण सगळे नळ एकदम उघडले तर वरच्या आळीला थेंबही मिळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिला कशाला, शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. पाणी गेलं की आळी गेली, आणि आळीबरोबर सासूबाईंचं घर.

सभेच्या आदल्या दिवशी वरच्या आळीची माणसं शिंप्याच्या घरात जमली. शिंपी आळीतला सगळ्यात टापटिपीचा माणूस. बोलतानाही टाके घातल्यासारखं बोलायचा.

"आपण शांतपणे आपली बाजू मांडू," तो म्हणाला. "आणि हात वर करायची वेळ आली की उठून बाजूच्या खोलीत जाऊ."

"का म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

"आपला विषय आहे ना, मावशी. फळ्यावर आळीचं नाव आहे. आपल्याला कुणी उठा म्हणायची वेळ येऊ नये. इतकी वर्षं कुणी बोट दाखवलं नाही आपल्याकडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्त ड्रायव्हर म्हणाला, "बरोबर आहे, इज्जतीचा प्रश्न आहे." वहिनी दाराशी उभी होती. तिच्या मनात काहीतरी आलं, पण पुरतं आलं नाही. मधेच थांबल्यासारखं झालं.

सभेला गोदाम खचाखच. शिंपी छान बोलला. वरच्या आळीत पाइप कसा आला, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, सगळं. लोकांनी मनापासून ऐकलं. बेकरीवाला बोलला. त्याने कुणाला वाईट म्हटलं नाही. "आमच्या आळीत काल एका बाळंतिणीच्या घरात पाणी नव्हतं," एवढंच सांगितलं आणि घाम पुसत खाली बसला.

मास्तर वहिनीकडे वळले. "वहिनी, एकाच वेळी सगळीकडे पाणी सोडता येतं?"

"सोडता येतं. वर चढत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

गोदामात कुणीतरी घसा खाकरला. मग मास्तर म्हणाले, "चला, हात बघू," आणि ते म्हणायच्या आधीच शिंपी उठला होता. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. त्याच्यामागे ड्रायव्हर, ड्रायव्हरची बायको, सगळी आळी. सासूबाई सगळ्यात शेवटी, काठी आपटत. दार लागलं.

ते मनात अर्धवट थांबलेलं तेव्हा पुरतं आलं. हा विषय खालच्या आळीचाही आहे. पाणी ज्यांचं जाणार ते बाहेर गेले, आणि ज्यांना मिळणार ते सगळे आत बसलेत.

तिने बेकरीवाल्याकडे बघितलं. तो बुटाकडे बघत होता. त्याच्या मनात असलं काही नव्हतं, तिला दिसत होतं. कुणाच्याच मनात नव्हतं. फळ्यावर नाव वरच्या आळीचं होतं, म्हणून विषय वरच्या आळीचा.

"मास्तर," ती म्हणाली, "एक विचारू का?"

"वहिनी," मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "त्या स्टुलावरून विचारायचं नसतं, सांगायचं असतं. काही सांगायचं राहिलंय का?"

तिने तोंड उघडलं. काय सांगायचं होतं? तिला ते वाक्य मांडता येईना. ते तिला पाण्याचं वाटेना, आणि तिला तर पाण्याबद्दलच बोलायचा हक्क. तिने मान हलवली. नाही.

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. तेच हात होते. तेलकट, सुरकुतलेले, कोपरापर्यंत पिठाचे. वहिनीने ते ओळखले. वाईट वाटायला हवं होतं. तिने आत चाचपून बघितलं, जिभेने बधिर हिरडी चाचपावी तसं. काही लागलं नाही.

बाजूच्या खोलीचं दार तिनेच उघडलं. आळीची माणसं रंगाच्या डब्यांवर ओळीने बसली होती, दवाखान्यात नंबर लावून बसावीत तशी.

"झालं?" शिंपी उभा राहिला.

"झालं. पाळी बंद."

शिंप्याने शर्ट खाली ओढला. "ठीक आहे. आपण रीत पाळली."

"पाळली ना," सासूबाई म्हणाल्या. "आता तीच भर पिंपात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने दोन्ही व्हॉल्व उघडले. खालच्या आळीत बायका नळाशी गप्पा मारत उभ्या राहिल्या, भांडण नाही, घाई नाही. दूधवालीने हाक मारली, "वहिनी, देव तुमचं भलं करो!" आणि लगेच जीभ चावली. वरच्या आळीत नळाने थोडा वारा सोडला आणि गप्प झाला.

मग वहिनी काम संपलं की खालून पाणी वर न्यायला लागली. दोन बादल्या, पुन्हा दोन. सासूबाई पायरीवर बसून बघायच्या.

"अगं, अर्धी बादली सांडलीस वाटेत."

"हो."

"रड तरी एकदाची. तेवढंच पाणी."

वहिनीने बादली पिंपात ओतली.

आळी रिकामी व्हायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर लेकाकडे गेला. कोपऱ्यातलं जोडपं बाजारात भाड्याने राहायला गेलं. शिंप्याने सगळ्यांना सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यात विषय पुन्हा मांडू, हा आपला हक्क आहे," आणि खरंच होता. त्या गावात कुठलाच विषय कायमचा मिटायचा नाही, कुणीही पुन्हा फळ्यावर लिहावा. पण गिऱ्हाइकं टेकडी चढेनात, कपड्यांना पाणी मारायला पाणी नाही. त्याने खालच्या आळीत दुकानामागची खोली घेतली. शिलाई मशीन डोक्यावर घेऊन उतरताना तो सासूबाईंच्या दारात थांबला.

"थोड्या दिवसांसाठीच, मावशी."

"मशीन ठेव आधी खाली, मग बोल. मान जाईल. माझ्याकडे बघ."

दोन महिने गेले. फळ्यावर काही येईना. शेवटी सासूबाईच काठी टेकत उतरल्या आणि खडूने लिहून आल्या. अक्षर लहान मुलाचं. *वरच्या आळीला पाणी द्या.*

सभेत मास्तरांनी विषय वाचला आणि वाट बघितली. सासूबाई पहिल्या बाकावर बसून राहिल्या. सगळ्या गोदामात आता वरच्या आळीच्या त्या एकट्याच उरल्या होत्या. स्टुलावरची वहिनी धरली तर दोघी.

"आजी," मास्तर अवघडून म्हणाले, "रीत आहे आपली."

"असू दे."

"तुमचा विषय आहे ना?"

"माझा आहे. ज्याला ज्याला तहान लागते त्याचा आहे." त्या सावकाश अख्ख्या वळल्या, सगळ्या गोदामाकडे. "पाणी पिणारे सगळे बाहेर चला, मी पुढे होते. दार धरते हवं तर."

गोदाम हसलं. खरं खरं हसलं, पोट धरून. बेकरीवाला सगळ्यात मोठ्याने. मास्तरही हसले आणि त्यांनी घंटा वाजवली. "राहू द्या. आजी आत बसतील."

शिंपी तिसऱ्या बाकावर होता. खालच्या आळीतला माणूस म्हणून त्याला उठायचं कारण नव्हतं, आणि तो उठला नाही.

"पाणी द्यावं म्हणणारे?"

सासूबाईंचा हात वर गेला. नर्सबाईंचा गेला. मागे दोन-चार. मास्तर जरा थांबले, उगाचच.

"देऊ नये म्हणणारे?"

या वेळी हात सावकाश वर आले. सासूबाई समोर बसल्या होत्या आणि मान वळत नसली तरी डोळे वळत होते. एक बाई हात वर करून दुसऱ्या हाताने डोकं खाजवायला लागली. काहींनी केलाच नाही. बेकरीवाल्याने सरळ त्यांच्याकडे बघत हात वर केला आणि म्हणाला, "मावशी, एका घरासाठी पंप तेवढा वेळ नाही चालवता येत. विहिरीत नाहीये." शिंप्याचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. मास्तरांनी तो मोजला.

परतीच्या चढावर सासूबाई दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "मास्तर म्हणतो ते खोटं नाही गं. बघू नयेच."

"कुणाचे बघितले?"

"सगळ्यांचे. शिंप्याचा काय मेला तो हात! धड वर नाही, धड खाली नाही. कपडा असता तर उसवून परत शिवायला लावला असता." त्यांनी दम घेतला. "माझ्या बारशाला आलेली माणसं नाहीत ती, पण माझ्या लेकाला खांदा दिला त्यांनी. आता रोज बाजारात कोणाकोणाचे हात आठवत हिंडू?"

वहिनीने सासूबाईंच्या दंडाला धरलं. दंड फारच बारीक लागला. एवढं कळलं.

चार दिवसांनी बेकरीवाला टेकडी चढून आला, हातात गरम पाव. धापा टाकत पायरीवर बसला. "मावशी, माझ्या भट्टीच्या वरची खोली रिकामी आहे. भाडं नको. नळ आतच आहे, दारात जायला नको."

"आधी पाणी काढून घ्यायचं, मग नळ दाखवायचा," सासूबाई म्हणाल्या. "पाव ठेव इथे."

"या मावशी. खरंच या. मला झोप लागत नाही."

"मला लागते. वरती हवा चांगली आहे."

पण गेल्या. दुसरं काय करणार होत्या? वहिनीचे गुडघे आवाज करायला लागले होते. सामान एका हातगाडीत मावलं. सासूबाईंनी दाराला कुलूप लावलं, किल्ली वहिनीच्या हातात दिली, मग परत घेतली आणि आपल्या कमरेला खोचली.

भट्टीवरची खोली उबदार होती. नळ सोडला की पाणी धाडकन यायचं. पहिल्या दिवशी सासूबाई तो पुन्हा पुन्हा सोडत आणि बंद करत राहिल्या, काही भरायचं नसताना. मग म्हणाल्या, "आवाज फार करतो," आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

पावसाळा लांबलाच. पुढच्या सभेला फळ्यावर विषय होता: वरच्या आळीत कुणी राहत नाही, तर तिथला पाइप उकरून काढावा आणि खालच्या आळीत दुसरी लाइन टाकावी, म्हणजे तीन घरांत एक नळ ही भानगडच राहणार नाही. कुणी लिहिला कळलं नाही. पण चांगला होता विषय. नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, चांगला आहे.

वहिनी स्टुलावर बसली. सासूबाई चौथ्या बाकावर, दूधवालीच्या शेजारी. त्या आता खालच्या आळीच्या. कुणी बाहेर जायचं नव्हतं, कारण बाहेर जायला कुणी उरलंच नव्हतं. मास्तरांनी सवयीने दाराकडे बघितलं, मग विषय वाचला.

"वहिनी, पाइप चांगला आहे का?"

"चांगला आहे."

"काढता येईल?"

"येईल."

तो पाइप दादाने बसवला होता. एकेक जोड त्याने हाताने आवळला होता, आणि संध्याकाळी बोटं उघडत नव्हती म्हणून तिने त्याला घास भरवला होता. स्टुलावर बसून तिला हे आठवलं. आठवलं, आणि तसंच गेलं.

"काढावा म्हणणारे?"

हात वर गेले. चौथ्या बाकावर सासूबाईंचा हात वर गेला. पूर्ण वर, कोपर सरळ. शिंप्याने तो बघितला आणि आपला हात खाली घेतला. मग पुन्हा वर केला.

बाहेर पडल्यावर बाजारातल्या दिव्यांखालून दोघी चालत आल्या. भट्टीचा वास येत होता. जिन्याशी वहिनीने विचारलं, "आई, हात का वर केलात?"

सासूबाई अख्ख्या वळल्या.

"जमिनीत राहून गंजलं असतं गं. लोखंड चांगलं आहे. तू हात लावून बघितलंयस, माझ्या लेकाचं काम आहे, असं तसं नाही." त्यांनी जिन्याच्या कठड्याला धरलं. "उद्या उकरायला तूच जाणार ना?"

"मीच."

"सकाळी लवकर जा मग. ऊन व्हायच्या आत."

दुसऱ्या दिवशी वहिनी फावडं आणि दोन मजूर घेऊन वर गेली. माती कोरडी होती, पटकन सुटली. पहिला जोड उघडताना पान्याला जोर लावावा लागला, खूपच लावावा लागला. मजूर म्हणाला, "वहिनी, कुणी आवळलंय एवढं? सोडा, मी करतो."

"नको," वहिनी म्हणाली.

तिने पान्यावर सगळं अंग टाकलं. जोड सुटला तेव्हा पाइपातून ओंजळभर पाणी आलं, इतके महिने अडकून राहिलेलं, लालसर. ते तिच्या पायांवर सांडलं. गार होतं.

गार लागलं तिला.

ती थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मजुरांना वाटलं पाठ धरली. मग तिने पाना उचलला आणि पुढच्या जोडाकडे गेली.